विचारा की! : व्हिएतनाममधलं फात झिएमचं दगडी चर्च

गेल्या अंकात मी व्हिएतनामच्या फात झिएम चर्चचा एक फोटो आणि खाली चार ओळी दिल्या होत्या, की हे कॅथलिक चर्च आहे पण लांबून बघितलं तर बौद्ध देऊळच वाटतं, छपराची टोकं वर वळलेली, पुढे तळं, सगळीकडे दगड. एवढ्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच द्यायचं ठरवलं. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं टाकली नाहीयेत, फक्त गावं टाकलीयेत.

ठाण्याहून : ताई, आम्ही चौघं दिवाळीनंतर ८ दिवस व्हिएतनामला चाललोय. टूरवाला सायगावचं नोत्र दाम आणि हनोईचं सेंट जोसेफ दाखवतो म्हणतोय. फात झिएम त्याच्या लिस्टमध्येच नाहीये. एवढी वाकडी वाट करून जाण्यासारखं आहे का खरंच?

आहे. आणि एकच चर्च बघायला वेळ असेल तर मी म्हणेन बाकीची दोन्ही सोडा आणि इथे जा.

आता असं का ते सांगते. सायगावचं नोत्र दाम फ्रेंचांनी १८७७ ते १८८० मध्ये बांधलं, लाल विटा थेट फ्रान्सच्या मार्सेयवरून जहाजाने आणल्या, सुंदर आहे यात वादच नाही, पण २०१७ पासून तिथे मोठी दुरुस्ती चालू आहे, सगळीकडे परांच्या बांधून ठेवलेल्या असतात आणि पर्यटक म्हणून आत फिरणं होत नाही, म्हणजे तुम्ही समोरच्या चौकातून फोटो काढणार, शेजारचं जुनं पोस्ट ऑफिस बघणार आणि बसमध्ये बसणार. हनोईचं सेंट जोसेफ १८८६ चं, पॅरिसच्या धर्तीवरचे दोन चौकोनी मनोरे, काळवंडलेल्या भिंती, समोर रस्त्यावर छोट्या स्टुलांवर बसून लिंबाचा चहा पिणारी तरुण पोरं. ते तर तुम्ही हनोईत राहणार तेव्हा संध्याकाळी पायी पायी होऊनच जाईल, त्याला वेगळा वेळ काढायची गरज नाही.

पण ही दोन्ही चर्चेस युरोपातून उचलून आणल्यासारखी आहेत. तशी तुम्ही मुंबईतही बघितलीत. फात झिएम तसं नाहीये, ते तिथल्या माणसांनी, तिथल्या मातीत, त्यांना देवाचं घर जसं दिसतं तसं बांधलंय. मी पहिल्यांदा गेले तेव्हा निन्ह बिन्हहून (हनोईच्या दक्षिणेचं, इथून जवळचं शहर) एका तासात बघून येऊ म्हणून गेले होते आणि चार तास बसले, दुसऱ्या वेळेला मुद्दाम रात्रीचा मुक्काम केला. तुमच्या टूरवाल्याला सांगा की निन्ह बिन्हचा जो दिवस आहे (तो असतोच, नावेतून बघायच्या त्या गुहांसाठी) त्यातला अर्धा दिवस इकडे द्या. २८-३० किलोमीटरचाच प्रश्न आहे. नाहीच म्हणाला तर त्या दिवशी तुम्ही चौघं वेगळी गाडी करा, पण जा.

सांगलीहून, आर्किटेक्चरचा विद्यार्थी : मॅडम, हे चर्च देवळासारखं का दिसतं? फ्रेंच राज्य होतं ना तेव्हा, मग फ्रेंच आर्किटेक्टने लोकल स्टाइल वापरली असं समजायचं का? आणि दलदलीत एवढा दगड उभा कसा राहिला?

तुझ्या प्रश्नाचं मला सगळ्यात जास्त बरं वाटलं, म्हणून जरा लांब लिहिते.

फ्रेंच आर्किटेक्ट नाही. हे चर्च उभं केलं त्रान लुक नावाच्या एका व्हिएतनामी फादरने. जन्म १८२५, मृत्यू १८९९. लोक त्यांना प्रेमाने 'कु साउ' म्हणतात, म्हणजे 'सहावे आजोबा' असं काहीतरी. त्या सहाची गोष्ट अशी, की फादर व्हायच्या आधीची जी डीकनची पायरी असते तिला व्हिएतनामी कॅथलिक 'सहावी' म्हणतात, आणि हे डीकन असतानाच राजा तू दुकच्या काळात ख्रिस्ती लोकांची धरपकड झाली त्यात पकडले गेले आणि उत्तरेला लांग सोनला हद्दपार झाले. तेव्हाचं ते 'सहावे' नाव जन्मभर चिकटलं. फ्रेंच लोक पण त्यांना 'पेर सीस' म्हणजे फादर सहाच म्हणायचे.

सुटून आल्यावर त्यांची नेमणूक फात झिएमला झाली. आणि ही जागा कशी, तर समुद्र मागे हटून तयार झालेली गाळाची जमीन. १८२९ मध्ये न्गुएन कोंग त्रू नावाच्या सरदाराने बांध घालून, कालवे काढून हा किम सोनचा सगळा पट्टा समुद्राकडून मिळवला, म्हणजे आपल्याकडे कोकणात खारजमीन करतात तसं, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. अशा जमिनीवर आजही पाऊस पडला की पाय रुततो. तिथे दगडाचं चर्च बांधायचं!

त्यांनी घाई केली नाही. १८७५ पासून सामान जमवायला लागले. साधा दगड ३० किलोमीटरवरून, चांगला कोरीव कामाचा दगड थान्ह होआवरून म्हणजे साधारण ६० किलोमीटर, आणि लिम नावाचं लोखंडासारखं जड लाकूड न्घे आनकडून, जवळजवळ २०० किलोमीटर. क्रेन नाही, ट्रक नाही, होड्या, तराफे, भरती-ओहोटी आणि माणसं. जमीन पक्की करायला बांबू ठोकून ठोकून खाली घातले आणि त्यावर दगडमाती. तिथली मंडळी असंही सांगतात की मागच्या बाजूला जी दगडी टेकडी आहे ती आधी मुद्दाम उभी केली, जमीन किती वजन पेलते आणि किती खचते ते बघायला. तू आर्किटेक्चर शिकतोयस तर ती टेकडी नीट बघ, सगळे लोक तिच्याकडे पाठ करून सेल्फी काढतात.

आता रचना. दक्षिणेकडून आलास की आधी तळं, तळ्यात बेट, बेटावर ख्रिस्तराजाचा पुतळा. मग फुओंग दिन्ह, म्हणजे घंटेचा मनोरा, पण मनोरा म्हणून उंच निमुळतं काही शोधू नकोस, हा रुंद, ठाण मांडून बसलेला, उंची २५ मीटर आणि रुंदी २४, म्हणजे जवळजवळ जेवढा उंच तेवढाच रुंद. खालचा मजला पूर्ण दगडी, त्यात कमानी, वर छपरं, चार कोपऱ्यांवर चार शुभवर्तमानकारांचे (येशूचं चरित्र लिहिणाऱ्या चौघांचे) पुतळे. दुसऱ्या मजल्यावर मोठा ढोल आणि तिसऱ्यावर १८९० ची घंटा, जवळपास २ टनांची. ढोल आणि घंटा एकत्र, हे आपल्याला देवळात ओळखीचं वाटतं ना, तिथेही ते देवळातूनच आलंय. हा मनोरा १८९९ ला पूर्ण झाला आणि त्याच वर्षी कु साउ गेले. मनोरा आणि मुख्य चर्च यांच्या मधेच त्यांची समाधी आहे, येणारा-जाणारा प्रत्येक माणूस तिच्या बाजूनेच जातो.

मुख्य चर्च १८९१ चं. ७४ मीटर लांब, २१ रुंद. आत गेल्यावर पहिल्यांदा काय जाणवतं तर अंधार आणि थंडावा, मग हळूहळू खांब दिसायला लागतात. लिमच्या खांबांच्या सहा रांगा, मधल्या दोन रांगांचे खांब ११ मीटर उंच, घेर २.३५ मीटर, आणि प्रत्येक खांब म्हणजे अख्खं एक झाड, जोड नाही. मी एकाला मिठी मारून बघितली, दोन्ही हात लांबवले तरी बोटं एकमेकांना लागायच्या जवळपास पण नव्हती. माणसाच्या खांद्याच्या उंचीपर्यंत लाकूड अगदी गुळगुळीत झालंय, सव्वाशे वर्षं लोक टेकून बसतायत, हात लावतायत, त्याच्या वर मात्र ते खरबरीत आणि मंद काळं आहे. समोर वेदीच्या मागे लाल लाख आणि सोनेरी कोरीव काम, त्यातले संत युरोपियन चेहऱ्यांचे पण चौकट सगळी तिथल्या देवळातली.

आणि मग मागचं छोटं दगडी चर्च, जे १८८३ ला म्हणजे सगळ्यात आधी बांधलं. माझं सगळ्यात आवडतं. १५ मीटरच्या आसपास लांब, साडेआठ मीटर रुंद, भिंती दगड, खांब दगड, जाळ्या दगड. त्या जाळ्यांमध्ये देवदार, शेवंती, बांबू आणि जर्दाळूची फुलं कोरलीयेत, ही चार झाडं म्हणजे तिकडचे चार ऋतू. एका बाजूला सिंह आहे. तो सिंह पाठ वळवून मागे बघतोय, आणि त्याच्या आयाळीचा एकेक भोवरा वेगळा कोरलाय, बोट फिरवलं तर प्रत्येक भोवऱ्यात बोटाचं टोक बसतं. हे कोरणाऱ्या कारागिरांनी त्या आधी आयुष्यभर देवळं आणि गावच्या सभामंडपांचीच कामं केलेली होती, तोच हात, तीच छिन्नी, फक्त आता मधोमध मेरीचं नाव. म्हणून 'फ्रेंच आर्किटेक्टने लोकल स्टाइल वापरली' हे वाक्य डोक्यातून काढून टाक. त्यांची स्वतःचीच भाषा होती ती, उसनी घ्यायची गरजच नव्हती.

वही-पेन्सिल घेऊन जा. छपराच्या वासे-तुळयांचे सांधे काढून घे. शक्य असेल तर दोन दिवस काढ.

वसईहून : आम्ही कॅथलिक. आई ६८ वर्षांची आहे, गुडघे दुखतात, पण तिला तिथे मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) ऐकायचीच आहे असं म्हणते. भाषा कळणार नाही, मग उपयोग काय असं बाबा म्हणतायत.

बाबांना सांगा की आईचं बरोबर आहे.

मिस्साविधी तोच आहे हो, कुठे उभं राहायचं, कुठे गुडघे टेकायचे, कधी 'आमेन', हे आईला शब्द न कळताही कळणार. उलट एक गोष्ट अशी आहे जी वसईत ऐकायला मिळणार नाही. तिथे मिस्साच्या आधी लोक मिळून प्रार्थना म्हणतात, आणि व्हिएतनामी भाषा सुरांची असल्यामुळे ती प्रार्थना बोलल्यासारखी येतच नाही, गायल्यासारखी येते. एका बाजूच्या बायका एक ओळ म्हणतात, दुसऱ्या बाजूचे पुरुष पुढची. मी पहाटेच्या मिस्साला गेले होते, बाहेर अजून अंधार, सायकली आणि स्कूटर येऊन लागतायत, आणि आतून तो आवाज, एकसारखा, वर-खाली होणारा, आपल्याकडे पहाटे काकड आरतीला लांबून येतो तसा. माझ्या शेजारच्या आजीबाईंनी माझ्याकडे बघितलं, पुस्तकातलं पान काढून दिलं, बोट ठेवून दाखवत राहिल्या की आता इथे आहोत, आता इथे. मला एक अक्षर वाचता येत नव्हतं पण त्यांनी शेवटपर्यंत बोट काढलं नाही.

रविवारच्या मिस्साला तरुण बायका आओ दाय (तिकडचा लांब पारंपरिक पोशाख) घालून येतात, गर्दी असते, गायनवृंद असतो. आईला गुडघ्यांचा त्रास आहे तर रविवारी जरा लवकर जाऊन बाकावर कडेची जागा धरा. सगळं आवार सपाट आहे, चालायला त्रास नाही, फक्त घंटेच्या मनोऱ्यावर चढू नका म्हणावं, तिथल्या पायऱ्या उंच आणि अरुंद. मिस्साच्या वेळा आदल्या दिवशी गेटवर किंवा तुमच्या होमस्टेवाल्याला विचारून घ्या, ऋतूप्रमाणे बदलतात.

कधी जायचं म्हणाल तर मुख्य चर्च रोझरीच्या (जपमाळेच्या) मातेला, म्हणजे मेरीला अर्पण केलेलं आहे आणि ऑक्टोबर हा रोझरीचा महिना, त्यामुळे तो तिथे विशेष. २४ नोव्हेंबरला व्हिएतनामी हुतात्म्यांचा सण. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९ जून १९८८ ला व्हिएतनामच्या ११७ हुतात्म्यांना एकत्र संतपद दिलं, त्यात व्हिएतनामी होते, स्पॅनिश होते, फ्रेंच होते, शेतकरी, शिपाई, फादर, एक बाई पण. तुमच्या वसईच्या संत गोन्सालो गार्सियांची गोष्ट आईला पाठ असेलच, १५९७ ला नागासाकीत क्रुसावर गेले ते, तर ही त्याच जातीची गोष्ट आहे, फक्त जास्त लांब आणि जास्त माणसांची. हे आईला आधी सांगून ठेवा म्हणजे तिथल्या वेद्यांवरची नावं आणि चित्रं परकी वाटणार नाहीत.

आणि एक. १९३३ मध्ये पोप अकरावे पायस यांनी रोममध्ये स्वतः ज्या पहिल्या व्हिएतनामी माणसाला बिशप केलं ते न्गुएन बा तोंग, ते याच फात झिएमला आले. तोपर्यंत सगळे बिशप युरोपियन. स्वतःचा बिशप पहिल्यांदा बघायला तेव्हा लोक कसे जमले असतील याचा मी त्या बाकावर बसून फार वेळ विचार केला.

नाशिकहून : आम्ही हिंदू आहोत, आत सोडतात का? चपला काढायच्या का? फोटो?

सोडतात, तिकीट नाही. चपला काढायच्या नाहीत (बौद्ध देवळात मात्र काढायच्या). खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, स्लीव्हलेस असेल तर ओढणी जवळ ठेवा. फोटो काढता येतात पण मिस्सा चालू असताना नको, फ्लॅश तर कधीच नको. ख्रिस्तप्रसाद घ्यायला रांग लागेल तेव्हा रांगेत जाऊ नका, बसून राहा, कोणी काही म्हणत नाही, तो फक्त बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी असतो. दुपारी मुख्य चर्चचं दार बऱ्याचदा बंद असतं, म्हणून सकाळी लवकर किंवा दुपार उतरल्यावर जा. बंद दिसलं तर परत फिरू नका, आवारातल्या लोकांना हात जोडून विचारा, आम्हाला एका काकांनी बाजूच्या दारातून आत नेलं होतं.

पुण्याहून, दोन-तीन पत्रं मिळून : हनोईहून जायचं कसं? व्हिसा? मॅपवर सापडत नाहीये!

व्हिसा ऑनलाइन, सरकारी ई-व्हिसाच्या साइटवरूनच करा, ९० दिवसांपर्यंत मिळतो, एकदा जाण्याचा २५ डॉलर आणि अनेकदा जाण्या-येण्याचा ५०. पासपोर्टवर नाव जसं आहे तसंच्या तसं टाका, आडनाव-नाव उलटसुलट झालं तर एअरपोर्टवर डोक्याला ताप.

हनोईहून रेल्वेने निन्ह बिन्ह, दोन-सव्वादोन तास. खिडकीची जागा घ्या, सगळी भातशेती. निन्ह बिन्हहून फात झिएमला बस मिळते किंवा टॅक्सी किंवा स्कूटर. स्कूटर फक्त तेव्हाच चालवा जेव्हा तुमचं लायसन्स तिथे चालतं याची खात्री असेल, नाहीतर अपघात झाला की विमा हात वर करतो. रस्त्यात दर थोड्या वेळाने भाताच्या वर एखादं चर्चचं टोक दिसतं, एक गेलं की दुसरं, तेव्हा समजायचं बरोबर रस्त्यावर आहोत.

मॅपचं म्हणाल तर दोन भानगडी आहेत. एक, १ जुलै २०२५ पासून व्हिएतनामने जिल्ह्याची पातळीच बंद केली आणि प्रांतही एकत्र केले, त्यामुळे जुन्या ब्लॉगमध्ये 'किम सोन जिल्हा' असा पत्ता असतो तो आता तसा नाही. सरळ चर्चचंच नाव टाका. दुसरी भानगड उच्चाराची. बोर्डवर रोमन लिपीत साधा डी दिसतो आणि आपण 'दिएम' म्हणतो, पण उत्तरेकडे साध्या डी चा उच्चार 'झ' होतो आणि ज्या डी ला आडवी रेघ असते त्याचाच 'द'. म्हणून फात झिएम. मी 'दिएम, दिएम' करत बसस्टँडवर वीस मिनिटं फिरले होते, शेवटी फोनवर लिहून दाखवलं तेव्हा ड्रायव्हर एकदम हसून म्हणाला 'आ, झिएम!' आणि पुढची सीट दिली.

मडगावहून : तुमच्या या डी च्या गोष्टीवरून आठवलं (हो, मी तुमची स्टोरी बघितली होती!), व्हिएतनामी लोक रोमन लिपीत लिहितात ते पोर्तुगीज पाद्र्यांमुळे असं ऐकलंय. गोव्याचा काही संबंध?

आहे, आणि चांगला सरळ संबंध आहे.

सतराव्या शतकात जेसुइट पाद्री आशियात यायचे ते लिस्बनहून पोर्तुगीज जहाजाने आणि पहिला मुक्काम गोवा. व्हिएतनामी भाषेला रोमन अक्षरांत बसवायचं काम फ्रान्सिस्को द पिना वगैरे पोर्तुगीज पाद्र्यांनी सुरू केलं आणि ते छापून पुढे नेलं आलेक्झांद्र द ऱ्होद यांनी, जे मूळ फ्रान्समधल्या आव्हिन्योंचे. हे द ऱ्होद १६१९ मध्ये गोव्यात उतरले आणि १६२२ पर्यंत इकडेच होते, मग मलाक्का, मकाव आणि मग व्हिएतनाम. १६२७ ला ते उत्तरेत थान्ह होआच्या किनाऱ्यावर उतरले, म्हणजे फात झिएमच्या अगदी शेजारचा मुलूख. १६५१ मध्ये रोमला त्यांचा व्हिएतनामी-पोर्तुगीज-लॅटिन शब्दकोश छापला गेला.

आता ते गोव्यात आले ते १६१९ साल बघा. त्याच वर्षी गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स वारले, ज्यांचं 'क्रिस्तपुराण' आपण मराठी लोक अभिमानाने सांगतो. सुमारे अकरा हजार मराठी ओव्या, आणि १६१६ मध्ये रायतूरला ते छापलं तेव्हा रोमन अक्षरांत छापलं! म्हणजे द ऱ्होद गोव्यात पोचले तेव्हा इथल्या पाद्र्यांचा इथल्या भाषा रोमन अक्षरांत लिहायचा सराव जुना झालेला होता. आपल्याकडे मराठी देवनागरीत राहिली, कोंकणी दोन्हीकडे राहिली आणि रोमी कोंकणी तुमच्याकडे अजून जिवंत आहे, व्हिएतनाममध्ये मात्र ती लिपी अख्ख्या देशाची झाली. फात झिएमच्या कमानींवर चिनी अक्षरं कोरलेली आहेत आणि बाकावरच्या प्रार्थनेच्या पुस्तकात रोमन. त्या आजीबाई ज्या ओळीवर बोट ठेवत होत्या ना, ती या लिपीत. मडगावचा माणूस तिथे गेला तर त्याला हे आमच्यापेक्षा जास्त जवळचं वाटेल असं मला मनापासून वाटतं.

औरंगाबादहून : युद्धात या चर्चला काही झालं नाही का?

झालं. फ्रेंचांविरुद्धच्या लढाईत १९५१ च्या डिसेंबरमध्ये या गावातच चकमकी झाल्या. १९५४ ला जिनिव्हा करार होऊन देश दोन तुकड्यांत वाटला गेला आणि उत्तरेतून आठ-नऊ लाख माणसं दक्षिणेला गेली, त्यात बहुतेक कॅथलिक, आणि फात झिएमच्या भागातून तर गावंच्या गावं फादरसकट उठून गेली, बिशप ले हुउ तू पण गेले. आजही सायगावच्या बाजूला फात झिएमच्या लोकांच्या वस्त्या आहेत. मग १९७२ ला अमेरिकन बॉम्ब आवारात पडले, इमारतींचं नुकसान झालं. लोकांनी दुरुस्त केलं, बाहेरच्या कुणाची वाट न बघता.

तिकडे एका काकांनी मला बाजूच्या छोट्या चॅपलची भिंत दाखवली. नवा दगड आणि जुना दगड यांच्यातली रेघ. नवा जरा फिकट आहे. त्यांनी आधी जुन्यावर हात ठेवला, मग नव्यावर, आणि स्वतःच्या छातीवर ठेवला, म्हणजे हा आम्ही बसवला. आमची भाषा एकच नव्हती म्हणून एवढंच बोलणं झालं.

सोलापूरहून : शुद्ध शाकाहारी आहोत. उपाशी मरू का?

नाही मरणार, पण एक गोष्ट पाठ करून जा. शाकाहारीला 'चाय' म्हणतात, आपल्या हिंदी चहासारखंच, 'तोय आन चाय' म्हणजे मी शाकाहारी खाते. पण निन्ह बिन्हची प्रसिद्ध डिश आहे 'कोम चाय' ज्यातला चाय वेगळा, म्हणजे करपलेला भात, आपली भाताची खरवड असते ना ती उन्हात वाळवून तळतात, आणि बऱ्याचदा वर मांसाचा रस्सा किंवा सुकं डुकराचं मांस भुरभुरतात. फरक फक्त सुराचा. सपाट आवाजात म्हटलं तर शाकाहारी, प्रश्न विचारल्यासारखा आवाज वर नेला तर खरवड. त्यामुळे तोंडी भरवसा ठेवू नका, फोनवर लिहून ठेवा आणि दाखवा. सोबत 'नुओक माम नको' हे पण लिहा, तो माशाचा सॉस भाजीतही पडतो. टोफू सगळीकडे मिळतं, पालेभाज्या भरपूर, फळं तर विचारूच नका. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बौद्ध लोक शाकाहार करतात, त्या दिवशी पर्याय जास्त. तरी थेपले आणि चटणी बॅगेत असू द्याच, गाव छोटं आहे.

कोल्हापूरहून : गावात अजून काय बघायचं आणि काय आणायचं?

चर्चपासून जवळच कालव्यावर एक जुना पूल आहे, १९०२ चा, लाकडी आणि वर कौलांचं छप्पर. दुपारी म्हातारी माणसं त्यावर बसून गप्पा मारतात, तुम्हीही बसा. आणि आणायचं म्हणाल तर चटई. किम सोनच्या खाऱ्या जमिनीत लव्हाळ्यासारखं एक गवत उगवतं, ते कापून, उभं चिरून, वाळवून त्याच्या चटया आणि टोपल्या विणतात. रस्त्याच्या कडेला हिरवं गवत पसरलेलं दिसेल, दोन दिवसांत ते फिकट पिवळं होतं आणि वास येतो ओल्या पेंढ्याचा. मी एक छोटी चटई विणणाऱ्या बाईंकडूनच घेतली, दोघी जणी मागावर बसल्या होत्या, एक काडी सरकवायची आणि दुसरी फणी दाबायची, बोलणं एकदाही थांबलं नाही आणि काडीही एकदा चुकली नाही. गुंडाळी करून केबिन बॅगेत आडवी बसली. दोन वर्षं झाली, देवघरापुढे घातलीये, पावसाळ्यात अजूनही तोच वास येतो.